सालारजंगांचा खजिना : विकला नाही, वाटला नाही, लिहूनही ठेवला नाही

दुपारचे बारा वाजायला आले की हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये एकाच ठिकाणी गर्दी उसळते. सगळ्यांच्या माना एका घड्याळाकडे. तास भरायच्या आधी काही मिनिटं घड्याळातून दाढीवाला एक छोटा माणूस बाहेर येतो, आणि जितके वाजले असतील तितके टोले देऊन आत निघून जातो. बाराला टोले जास्त, म्हणून गर्दीही जास्त. नांदेड, लातूर, उदगीर, बिदर, गुलबर्गा भागातल्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षं इथं येतात. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून हे घड्याळ पाहिलेलं आहे.

पण ज्या माणसामुळे हे सगळं एका छताखाली राहिलं, त्यानं या वस्तूंचं पुढं काय करायचं हे कधी ठरवलंच नव्हतं, ही गोष्ट त्या गर्दीत फार कुणाला ठाऊक नसते.

नवाब मीर यूसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग. जन्म 13 जून 1889, आणि तोही हैदराबादेत नाही, आपल्या पुण्यात. वडील मीर लायक अली खान, दुसरे सालारजंग, हे निजामाचे माजी दिवाण. मुलगा महिन्याचाही झाला नव्हता तोच जुलै 1889 मध्ये ते वारले. म्हणजे अंगावरची दुपटी बदलायच्या वयात या पोराच्या नावावर दख्खनमधली एक मोठी जहागीर आली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं, घराण्याचा किताब आणि जहागीर त्याच्याकडे राहील असं पाहिलं. शिक्षण निजाम कॉलेजात झालं.

घराणं साधं नव्हतं. मूळ पुरुष मदिनेहून आलेले आणि आदिलशाहीच्या काळात विजापुरात स्थिरावलेले, अशी त्यांची परंपरा सांगतात. आजोबा, म्हणजे पहिले सालारजंग मीर तुराब अली खान, यांचा जन्मही 1829 मध्ये विजापूरचाच. 1853 ते 1883 अशी तीस वर्षं ते निजामाचे दिवाण होते. मराठवाड्यात आज जी जिल्ह्यांची रचना आपण गृहीत धरतो, तिचा पाया त्यांच्याच जिल्हाबंदीत आहे. तिजोरी रिकामी, सावकार दारात, अरब शिपायांचे पगार थकलेले, अशा अवस्थेत त्यांनी राज्याचा हिशेब रुळावर आणला. हिशेबात इतका पक्का माणूस, पण कलेच्या वस्तूंपुढे त्याचाही हात सैल व्हायचा. 1876 मध्ये युरोपच्या दौऱ्यात रोममध्ये त्यांनी बेन्झोनी या शिल्पकाराची संगमरवरी रिबेका घेतली. चेहऱ्यावर ओलसर पातळ ओढणी आहे असं वाटावं, आणि ओढणीही दगडाचीच. म्युझियममध्ये आजही लोक तिच्यापुढे उभे राहून कापड कुठं संपतं आणि चेहरा कुठं सुरू होतो ते शोधत असतात.

तेव्हा संग्रहाची सुरुवात नातवानं केली नाही. बी आजोबांचं. मात्र त्याचं रान झालं ते नातवाच्या हातून.

अडीच वर्षांची दिवाणगिरी

1912 मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी महाराजा किशन पर्शाद यांना बाजूला करून यूसुफ अली खान यांना दिवाण केलं. वय अवघं तेवीस. निजाम स्वतःही तेव्हा तरुणच होते, गादीवर येऊन वर्षच झालं होतं. दोघांचं फार काळ जमलं नाही. 1914 च्या अखेरीस सालारजंगांनी पद सोडलं आणि त्यानंतर काही वर्षं निजामांनी दिवाणाशिवाय कारभार स्वतःच्या हातात ठेवला.

पंचविशीत निवृत्त झालेला, भरपूर उत्पन्न असलेला, लग्न न केलेला माणूस. पुढची पस्तीस वर्षं त्यानं जे केलं ते एकच : वस्तू जमवल्या.

हे उत्पन्न कुठून येत होतं, ते सीमाभागातल्या वाचकांनी जरा बारकाईनं पाहावं असं आहे. सालारजंग इस्टेट एका जागी नव्हती. सहा तुकड्यांत विखुरलेली, तीनशेच्या वर गावं. त्यात कोप्पळ आणि यलबुर्गा होतं, कोसगी होतं, आणि आपलं अजिंठाही होतं. आज हे तुकडे कर्नाटक, तेलंगणा आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांत पडलेले आहेत. म्हणजे कोप्पळच्या काळ्या रानातली ज्वारी आणि अजिंठ्याच्या पट्ट्यातला कापूस विकून शेतकऱ्यानं जो सारा भरला, त्यातूनच कुठल्यातरी युरोपियन कारखान्यातलं चिनी मातीचं भांडं हैदराबादच्या देवडीत आलं. म्युझियममधल्या पाटीवर वस्तूचा देश लिहिलेला असतो, शतक लिहिलेलं असतं. पैसा कुठल्या शिवारातला, हे लिहायची पद्धत नाही.

देवडीत लागलेली रांग

नवाबांचं राहणं दिवाण देवडीत. मुसीच्या दक्षिणेला, जुन्या शहरात, छत्ता बाजाराच्या बाजूला हा पसारा होता. नवाब चांगल्या वस्तूला चांगला दाम देतात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. देशातले, परदेशातले व्यापारी, दलाल, जुन्या घराण्यांतले गरजू लोक, सगळे आपली गाठोडी घेऊन देवडीवर यायचे. परदेशात त्यांचे अडते होते. तिथल्या नावाजलेल्या दुकानांतून वस्तूंच्या याद्या यायच्या, नवाब त्यांतून निवड करायचे. स्वतःही युरोपात आणि मध्यपूर्वेत फिरून खरेदी केली.

काय घेतलं नाही? जहांगीर आणि नूरजहान यांच्या नावाशी जोडलेले जेडचे खंजीर आहेत. गुलाम घराण्याच्या सुलतान अल्तमशचं नाव असलेली, कुराण ठेवायची जेडची रहाळ आहे. याकूत अल मुस्तासिमीच्या हातचं मानलं जाणारं एक कुराण आहे, त्यावर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब अशा तिघा बादशहांच्या नोंदी आहेत. टिपू सुलतानाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हस्तिदंती खुर्च्या आहेत. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, दख्खनी कलमाची छोटी चित्रं आहेत, बिदरच्या कारागिरांची काळ्यावर चांदी बसवलेली बिदरी भांडी आहेत. चीन, जपान, फ्रान्स, इराण, सीरिया. काठ्या, हुक्के, गालिचे, घड्याळं, खेळणी. लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली ती जोडमूर्ती तर सगळ्यांना माहीत : समोरून छाती पुढे काढलेला मेफिस्टोफिलीस, आणि मागच्या आरशात बघावं तर मान खाली घातलेली मार्गारेटा.

मोजायला बसलं तर आकडा असा येतो : कलावस्तू सुमारे 43 हजार, हस्तलिखितं सुमारे 9 हजार, छापील पुस्तकं सुमारे 47 हजार.

जाणकार यावर नाक मुरडतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. नवाबांच्या संग्रहाला एक धागा नाही. नाण्यांचा संग्राहक नाणी जमवतो, चित्रांचा चित्रं. यांनी आवडलं ते घेतलं. अव्वल दर्जाच्या वस्तूशेजारी बाजारू नक्कलही सापडते. पण धागा नसल्यामुळेच की काय, गावाकडनं आलेल्या माणसाला ते म्युझियम आपलं वाटतं. त्यात शिकवणारं कुणी नाही, दाखवणारं आहे.

मात्र या सगळ्या घेण्याच्या धडाक्यात एक खातं कोरं राहिलं. आवक भरपूर, जावक शून्य. आणि शिल्लक मालाचं शेवटी काय, याची नोंद कुठेच नाही.

ठरवायचं म्हटलं तरी वाटा किती होत्या?

इथं थोडं थांबायला हवं, कारण ही अडचण फक्त नवाबांची नाही. आपल्याकडेही कुणाच्या माळ्यावर आजोबांची नाणी असतात, कुणाच्या ट्रंकेत टपाल तिकिटांचे अल्बम असतात, कुणाकडे पितळी दिव्यांनी भरलेली खोली असते. संग्राहकाला घ्यायचं कळतं. कधी थांबायचं आणि द्यायचं कसं, हे त्याला कुणी शिकवत नाही.

नवाबांपुढे पहिली वाट होती ती स्वतःच्या हयातीत विकायची. तसं करायला सगळ्यात योग्य माणूस तेच होते. वस्तू कुठून आणली, कितीला घेतली, खरी की नक्कल, हे ज्याच्या डोक्यात असतं त्यानं विकली तर दाम येतो. तो माणूस गेला की तीच वस्तू फक्त जुनी वस्तू उरते आणि भाव दलाल ठरवतो. पण नवाबांना पैशाची गरज नव्हती, आणि ज्याला गरज नाही तो विकत नाही.

दुसरी वाट मृत्युपत्राची. ती वाटते तितकी सरळ नव्हती. मुस्लिम कायद्यात माणसाला वारस असतील तर मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांश मालमत्तेचीच विल्हेवाट लावता येते, बाकीच्याला वारसांची संमती लागते. नवाबांना बायकामुलं नसली तरी घराण्यात नातेवाईक होते. म्हणजे उद्या त्यांनी कागदावर लिहून ठेवलं असतं की सगळा संग्रह जनतेला द्या, तरी तेवढ्यानं काम झालं नसतं. दोन हिस्से पुन्हा वारसांकडे, आणि 43 हजार वस्तूंचे तीन भाग पाडायचे म्हणजे काय भानगड झाली असती याची कल्पनाच करावी.

तिसरी वाट हयातीतच देऊन टाकायची. म्हणजे हिबा, आपल्या भाषेत बक्षीसपत्र, किंवा वक्फ. जिवंतपणी निरोगी असताना दिलेल्या बक्षिसाला एक तृतीयांशची मर्यादा आड येत नाही. पण हिब्यात नुसता कागद चालत नाही, वस्तूचा ताबा खरोखर सोडावा लागतो. आणि ताबा सोडणं हेच संग्राहकाला सगळ्यात जड. रोज सकाळी उठून ज्या खोलीत फिरायचं ती खोली दुसऱ्याची झाली, हे मनाला लावून घेणं सोपं नाही.

चौथी वाट काहीच न करण्याची. बहुतेक लोक जातात त्याच वाटेनं नवाब गेले.

त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळं उदाहरण घडायचंच होतं. ज्या निजामांच्या दरबारात ते दिवाण होते, त्या उस्मान अली खान यांनी आपल्या जडजवाहिरासाठी 1950 नंतर लगेच रीतसर ट्रस्ट केले, ते कधी विकता येतील याच्या अटी घातल्या. निजाम 1967 मध्ये वारले. पुढे वारस, सरकार, कोर्ट असं बरंच रामायण झालं. पण कागद पक्का होता म्हणून जवाहीर फुटलं नाही, आणि 1995 मध्ये भारत सरकारनं 173 नग सुमारे 218 कोटींना एकरकमी विकत घेतले. जगाच्या बाजारात याहून कितीतरी जास्त आले असते असं म्हटलं जातं, आणि ते बरोबरही असावं. तरी वारसांना पैसा मिळाला आणि वस्तू देशात राहिल्या. कंजूष म्हणून ज्यांची जगभर थट्टा झाली त्या निजामांनी या एका बाबतीत सढळ हाताच्या सालारजंगांपेक्षा जास्त व्यवहार दाखवला, असं म्हणावं लागेल.

1948 चा सप्टेंबर आणि 1949 चा मार्च

सालारजंगांना वेळ मिळाला नाही, असंही एका अर्थी म्हणता येईल. 1947 उजाडलं तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. हैदराबाद संस्थानाचं काय होणार हे कुणालाच कळत नव्हतं. रझाकारांचा धुमाकूळ, मराठवाड्यातली आणि सीमेवरची होरपळ, आणि मग सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई. 17 सप्टेंबरला संस्थान भारतात आलं. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, 2 मार्च 1949 ला, नवाब वारले. वय 59. दायरा मीर मोमीन या कबरस्तानात, घराण्यातल्या इतरांच्या शेजारी त्यांचं दफन झालं.

मागं काय राहिलं? लग्न नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही. खोल्याच्या खोल्या भरून वस्तू. दिवाण देवडीत तर होत्याच, घराण्याच्या बाकीच्या वाड्यांतही होत्या. आणि वारसाहक्क सांगणारे नातेवाईक.

तारखा जुळवून पाहिल्या तर या मृत्यूची वेळ फार विचित्र दिसते. 15 ऑगस्ट 1949 पासून हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. म्हणजे नवाबांनंतर साडेपाच महिन्यांत तो सगळा पैशाचा झराच आटला. कोप्पळ, यलबुर्गा, अजिंठा, सगळ्या गावांचा सारा सरकारजमा. भरपाई ठरली ती नंतर, आणि ती जुन्या उत्पन्नाच्या जवळपास जाणारी नव्हती. नवाब आणखी पाच वर्षं जगले असते तर काय झालं असतं? पगार, डागडुजी, देवडीचा खर्च, हे सगळं कशातून भागवलं असतं? त्या काळात संस्थानं आणि जहागिऱ्या गेलेल्या कितीतरी घराण्यांनी जे केलं तेच बहुधा करावं लागलं असतं. आधी चांदी, मग गालिचे, मग चित्रं. एकेक वस्तू मागच्या दारानं. आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा विकणाऱ्याला भावही नसतो. त्यात 1953 मध्ये मालमत्तेवरचा मृत्युकर आला, तो आणखी वेगळा. थोडक्यात, त्यांनी ठरवलं नाही ही चूक खरी, पण त्यांच्या जाण्याच्या वेळेनं त्या चुकीची किंमत वसूल होऊ दिली नाही.

मग ठरवलं कुणी?

सरकारनं इस्टेटीसाठी समिती नेमली. तेव्हाचे हैदराबादचे मुख्य नागरी प्रशासक एम. के. वेल्लोडी यांच्या मनात आलं की हे सगळं एकत्र मांडून म्युझियम करावं. हे वाक्य लिहायला एक ओळ लागते, पण त्या दिवसांत ते किती अवघड असेल पाहा. राज्य नुकतंच ताब्यात आलेलं. सरकारपुढे अन्नधान्याचा, निर्वासितांचा, तेलंगणातल्या सशस्त्र उठावाचा प्रश्न. अशा वेळी एका मेलेल्या नवाबाच्या काचेच्या झुंबरांची काळजी कुणी करावी? लिलाव करून पैसा वारसांत वाटून टाका, विषय संपवा, हा सल्ला व्यवहारी वाटला असता. तो मानला गेला असता तर एक-दोन वर्षांत जगभरचे दलाल येऊन निवडक माल उचलून गेले असते आणि उरलेला माल हैदराबादच्या जुन्या बाजारात आला असता.

तसं झालं नाही. डॉ. जेम्स कझिन्स यांना बोलावण्यात आलं. हे मूळचे आयर्लंडचे कवी आणि कलासमीक्षक, हयातीचा मोठा भाग भारतात घालवलेले, त्रावणकोरमध्ये चित्रांचं संग्रहालय उभं करण्याचा अनुभव गाठीशी. त्यांनी वाड्यावाड्यांतल्या वस्तू बघितल्या आणि दिवाण देवडीत त्यांची मांडणी केली. 16 डिसेंबर 1951 ला पंडित नेहरूंच्या हस्ते म्युझियम लोकांसाठी उघडलं. नवाब जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती. सरकारी कामाच्या मानानं हा वेग आजही तोंडात बोट घालायला लावील.

म्युझियम उघडलं, पण मालक कोण? हा प्रश्न तसाच होता. दार सरकारचं, वस्तू वादातल्या. नातेवाईकांचा हक्क कायद्यानं नाकारता येत नव्हता आणि सरकारला ताबा सोडायचा नव्हता. शेवटी तडजोड झाली. नातेवाईकांनी संग्रह राष्ट्राला द्यायचं मान्य केलं, आणि 26 डिसेंबर 1958 ला हायकोर्टानं त्या तडजोडनाम्यावर हुकूमनामा केला. म्हणजे जो निर्णय नवाबांनी एका दुपारी दिवाणखान्यात बसून, कातिबाला बोलावून करायचा, तो व्हायला जवळजवळ दहा वर्षं, एक समिती, एक कोर्ट आणि कितीतरी वकील लागले.

इथं त्या नातेवाईकांचं थोडं कौतुक करायला हवं. लोक त्यांना विसरतात. म्युझियमला नाव सालारजंगांचं, म्हणून दानही त्यांचंच असं सगळे धरून चालतात. खरं म्हणजे यूसुफ अली खान यांनी म्युझियमला एकही वस्तू दिली नाही. कागदोपत्री देणारे हे नातेवाईक. त्यांनी भांडण ताणलं असतं तर खटला पुढच्या पिढीत गेला असता.

पुढं 1961 मध्ये संसदेनं कायदा करून सालारजंग म्युझियम आणि त्याचं ग्रंथालय राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून जाहीर केलं. कारभार विश्वस्त मंडळाकडे आला, अध्यक्ष राज्यपाल. 1963 मध्ये मुसीकाठी नव्या इमारतीची पायाभरणी नेहरूंनीच केली, आणि 1968 मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते ती खुली झाली.

यादी नसल्याची किंमत

सगळं गोड झालं असं मात्र नाही. नवाबांनी हयातीत काटेकोर यादी करून ठेवली असती तर बरेच वाद मुळातच उठले नसते. कोणती वस्तू आजोबांनी घेतली, कोणती वडिलांच्या काळात आली, कोणती नातवानं, याबद्दल अजूनही वेगवेगळं सांगितलं जातं. तिघांचाही किताब सालारजंगच असल्यामुळे गोंधळ वाढतो. म्युझियमच्या दारात उभं राहून दहा माणसांना विचारलं तर आठ जण सालारजंग हा एकच माणूस समजतील.

नवाबांच्या मृत्यूनंतरच्या आणि स्थलांतराच्या धावपळीत काही वस्तूंना पाय फुटले, अशी बोलवा हैदराबादेत जुनी आहे. जितकं दाखवलं जातं त्याहून मूळ संग्रह कितीतरी मोठा होता, असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं ठरवायचं कसं? मूळ संग्रह किती होता हे मालकानंच लिहून ठेवलेलं नाही. सुरुवातीची शिल्लकच माहीत नसेल तर तूट किती आली हे कोणता हिशेबनीस सांगणार?

खरेदीच्या पावत्या, याद्यांवरच्या खुणा, कुणाकडून काय आलं याची वही, असं सगळं नीट लागलेलं असतं तर त्या खंजिरांच्या, खुर्च्यांच्या बाबतीत मानलं जातं, सांगितलं जातं अशी भाषा वापरावी लागली नसती. विकायचं असो, द्यायचं असो, की ठेवायचं असो, वही तिन्हीला लागतेच. नवाबांच्या देवडीत नोकरांची कमी नव्हती. एक मुनीम या कामाला बसवला असता तरी पुरलं असतं.

दिवाण देवडी आता राहिलेली नाही. तिच्या जागेवर बाजार उभा राहिला, दुकानांच्या गर्दीत जुनी खूण शोधावी लागते. जिथं व्यापारी गाठोडी सोडून बसत, तिथं आता गाळे आहेत. अजिंठ्याचा सारा 1949 मध्येच बंद झाला. कोप्पळ रायचूरमधून वेगळं होऊन 1997 मध्ये स्वतंत्र जिल्हा झालं. वस्तू मात्र नदीकाठच्या इमारतीत एकत्र आहेत. आणि 1961 च्या कायद्यानं विश्वस्त मंडळावर एक जागा सालारजंग घराण्यातल्या माणसासाठी ठेवलेली आहे, ती अजून आहे.